दाखला रक्ताचा की कर्तृत्वाचा?

वैशाखात बोदवडच्या बाजारपेठेतील दुकानांची शटरे दुपारी अर्ध्यावर येतात. भुसावळपासून मलकापूरपर्यंतच्या या पट्ट्यात पारा पंचेचाळीस अंशांना भिडतो, जिनिंगच्या पत्र्यांवरून उन्हाच्या झळा उठतात आणि गुरेढोरेही लिंबाची सावली सोडायला तयार होत नाहीत. अशा या भूमीत सायबेरियाच्या बर्फात घसरगाड्या ओढण्यासाठी घडलेला, अंगावर दुहेरी लोकर वागविणारा हस्की पाळण्याची हौस आता मुंबई-पुण्यापुरती उरलेली नाही. ती तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचली आहे. त्याच्यासाठी दिवसभर कूलर चालतो, तयार खाद्याच्या पिशव्या येतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचा 'पेडिग्री'चा कागद कौतुकाने दाखविला जातो. तो मुका जीव मात्र जीभ बाहेर काढून फरशीवर पडून असतो. त्याच्या धापा टाकण्याला घरातली मंडळी लाड समजतात.

याच तालुक्याच्या शिवारात, कापूस वेचून रान मोकळे झाले की, मेंढपाळांचे वाडे उतरतात. खानदेशात धनगर आणि ठेलारी बांधवांची ही शतकानुशतकांची वहिवाट आहे. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवितो, त्यांच्या लेंडीखताने जमीन कसदार होते आणि मेंढपाळाच्या गाठीला धान्य व चार पैसे लागतात. रात्री सारे निजल्यावर त्या शेकडो जिवांची राखण एक-दोन सडपातळ, लांब पायांची कुत्री करतात. लांडग्याची चाहूल त्यांना माणसाच्या आधी लागते. त्यांच्यापाशी कोणताही कागद नसतो. त्यांची जात कोणती, असे कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले असते : "गावठी."

या एका शब्दाच्या उच्चारात सुशिक्षित भारतीयाची सारी आत्मविस्मृती साठलेली आहे. गंमत अशी की, हाच खानदेशी माणूस भरितासाठी गावरानी वांग्याचाच आग्रह धरतो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा त्याला सार्थ अभिमान वाटतो. गावरान गाईच्या तुपाला तो दुप्पट भाव मोजतो. दारातल्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र 'गावठी' ही त्याच्या लेखी शिवी ठरते. पिकते तिथे विकत नाही, ही म्हण इतकी तंतोतंत क्वचितच खरी ठरत असेल.

१८७३ : दोन वाटा

'शुद्ध जातीचा कुत्रा' ही कल्पना फार प्राचीन असावी, असा सर्वसामान्य समज आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. माणसाचे आणि कुत्र्याचे सख्य हजारो वर्षांचे असले, तरी आज श्वानप्रदर्शनांतून मिरविणाऱ्या बहुतेक जाती गेल्या दीड-दोनशे वर्षांत युरोपात घडविल्या गेल्या. जर्मन शेफर्डची अधिकृत नोंद सुरू झाली ती १८९९ साली, मॅक्स फॉन स्टेफानित्झ या घोडदळातील अधिकाऱ्याने होरांड नावाच्या एका कुत्र्याला मूळपुरुष ठरविले तेव्हा. डॉबरमन हा थुरिंजियातील आपोल्डा गावच्या लुई डॉबरमन नावाच्या करवसुली करणाऱ्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निरनिराळ्या कुत्र्यांच्या संकरातून तयार केला. गोल्डन रिट्रीव्हर हे स्कॉटलंडमधील लॉर्ड ट्वीडमाउथ यांच्या जहागिरीवर १८६८ च्या सुमारास सुरू झालेल्या संकराचे फळ. लॅब्रॅडॉर हा न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांच्या कुत्र्यांचा वंशज. त्याला इंग्लंडमध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली १९०३ मध्ये. याचा अर्थ असा की, ज्यांना आपण 'शुद्ध' म्हणून लाखाच्या घरात किंमत मोजतो, ते सारे जाणूनबुजून केलेले संकर आहेत. संकर झाला, मग नोंदवहीचे दार बंद झाले आणि त्या क्षणापासून तो 'शुद्ध' ठरला. शुद्धता म्हणजे दार बंद केल्याची तारीख, एवढाच तिचा अर्थ.

या नोंदवह्यांना जन्म दिला तो प्रदर्शनांनी. पहिले आधुनिक श्वानप्रदर्शन २८ व २९ जून १८५९ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे भरले. पॉइंटर आणि सेटर या दोनच शिकारी जाती तेथे होत्या आणि बक्षीस होते बंदुकीचे. पॉइंटर गटाच्या परीक्षकाचा कुत्रा सेटर गटात पहिला आला आणि सेटर गटाच्या परीक्षकाचा कुत्रा पॉइंटर गटात पहिला आला! या खेळाच्या नि:पक्षपातीपणाचा श्रीगणेशा असा झाला. पुढे १८७३ मध्ये लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला. १८९१ पासून चार्ल्स क्रफ्ट या गृहस्थाने आपल्या नावाचे भव्य प्रदर्शन सुरू केले, जे आजही जगातील सर्वांत प्रतिष्ठेचे मानले जाते. हा क्रफ्ट कोण, तर कुत्र्यांची बिस्किटे विकणाऱ्या स्प्रॅट कंपनीचा नोकर. म्हणजे बिस्किटांची विक्री आणि वंशाची प्रतिष्ठा ही जुळी भावंडे एकाच अंगणात वाढली.

प्रदर्शनात प्रत्यक्ष काय घडते, तेही पाहण्यासारखे आहे. प्रत्येक जातीचे एक लिखित मानक असते : उंची इतकी, कान असे, शेपटीचा बाक तसा, डोळ्यांचा रंग अमुक. परीक्षक दात पाहतो, पाठीवरून हात फिरवितो, रिंगणात चार पावले चालवून पाहतो आणि त्या मानकाच्या सर्वांत जवळ कोण, हे ठरवितो. मेंढ्या राखण्यासाठी घडलेल्या कुत्र्याला तेथे कोणी मेंढी दाखवीत नाही. सशामागे वाऱ्यासारखा सुटणाऱ्याला कोणी पळवून पाहत नाही. त्याने काय करावे, हे कोणी विचारीत नाही; त्याने कसे दिसावे, एवढेच पाहिले जाते.

आता नियतीचा योगायोग पाहावा. ज्या १८७३ मध्ये लंडनमध्ये केनेल क्लब निघाला, त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात वेल्समधील बाला या गावी मेंढपाळांच्या कुत्र्यांची पहिली स्पर्धा झाली. तेथे दिसण्याला गुण नव्हते. डोंगरउतारावरून मेंढ्या बिनचूक वळवून आणील, तो पहिला. त्या परंपरेतून १९०६ मध्ये मेंढीराख्या कुत्र्यांची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. पुढे अमेरिकेत १९९५ मध्ये बॉर्डर कोली या कुत्र्याला प्रदर्शनी जात म्हणून मान्यता देण्यात आली, तेव्हा त्याला कडाडून विरोध केला तो ती कुत्री प्रत्यक्ष कामाला जुंपणाऱ्यांनीच. रूपासाठी पैदास सुरू झाली की बुद्धी आणि कस गेलाच, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. थोडक्यात, एकाच वर्षी एकाच बेटावर दोन वाटा फुटल्या. एक वाट दिवाणखान्याची, दुसरी कुरणाची. साहेबाचे अनुकरण करायचेच, तर निदान त्याच्या मेंढपाळाचे करायचे होते! आपल्या उच्चभ्रू वर्गाने उचलली ती मात्र दिवाणखान्याची वाट.

शुद्धतेचे भोग

या वाटेचे भोग खुद्द पाश्चात्त्यांनीच जगापुढे मांडले आहेत. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २००८ मध्ये ब्रिटनमधील नोंदणीकृत कुत्र्यांच्या वंशावळी तपासल्या. तेव्हा सुमारे दहा हजार पगांमधील आनुवंशिक वैविध्य अवघ्या पन्नास कुत्र्यांइतके असल्याचे दिसून आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बीबीसीने वंशावळीच्या कुत्र्यांचे हाल दाखविणारा माहितीपट प्रसारित केला. ज्याच्या कवटीत मेंदू मावत नाही असा कॅव्हॅलियर, श्वासासाठी झगडणारा पग, नैसर्गिक प्रसूती अशक्यप्राय झाल्याने शस्त्रक्रियेशिवाय जिची सुटका होत नाही अशी बुलडॉगची मादी, ही दृश्ये पाहून ब्रिटन हादरले. क्रफ्ट्सचे प्रक्षेपण वर्षानुवर्षे करणाऱ्या बीबीसीने २००९ पासून ते थांबविले. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २०२३ मध्ये कॅव्हॅलियरची पैदास प्राणिकल्याण कायद्याच्या विरोधात जाणारी ठरविली.

जर्मन शेफर्डच्या कमरेचा सांधा निखळण्याचा विकारही याच नोंदवहीच्या पोटी वाढला. मागचा भाग खाली झुकलेली उतरती पाठ रिंगणात शोभून दिसते, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली. त्या प्राण्याला चालताना काय यातना होतात, हा प्रश्न मानकात नव्हता.

पश्चिमेत ही आत्मपरीक्षणाची लाट उठत असताना आपल्याकडे काय चालले होते? २००३ मध्ये एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलाच्या मागे मागे चालणारा पग झळकला आणि घरोघरी त्या चपट्या नाकाच्या जिवाची मागणी झाली. ज्याला थंड हवेतही धड श्वास घेता येत नाही, त्याला नागपूर-जळगावच्या उन्हाळ्यात आणून ठेवले गेले. केंद्र सरकारने एप्रिल २०१६ मध्ये व्यापारी पैदाशीसाठी परदेशी कुत्र्यांच्या आयातीवर निर्बंध घातले आणि २०१७ मध्ये श्वानपैदास व विक्रीसाठी नियमावली लागू केली. पण कायद्याचा धाक आणि हौसेचा ओघ यांची गाठ क्वचितच पडते. आजही एकाच मादीला वर्षानुवर्षे विण्यास लावणारे, बहीण-भावंडांची जोडी जुळविणारे आणि कागदावर 'शुद्ध' असा शिक्का मारणारे व्यापारी सुखेनैव धंदा करीत आहेत. पिल्लू मोठे झाले, खर्च झेपेनासा झाला, आजारी पडले की त्याला महामार्गावर सोडून देणारेही समाजात आहेत आणि ते दुर्दैवाने सुशिक्षितच असतात.

'परिया' : एका शब्दाचे विष

आपल्या गावकुसातल्या कुत्र्याला इंग्रजांनी नाव दिले 'परिया डॉग'. हा शब्द त्यांनी उचलला तो तमिळनाडूतील परैयर या समाजाच्या नावावरून. ज्या बांधवांना अस्पृश्य मानण्याचे पाप हिंदू समाजाने केले, त्यांचेच नाव इंग्रजाने कुत्र्याला चिकटविले. एका दगडात त्याने दोघांचा अपमान साधला : माणसाला कुत्र्याच्या पंक्तीला बसविले आणि कुत्र्याला बहिष्कृत ठरविले. हा शब्द पुढे प्राणिशास्त्राच्या पुस्तकांतून, केनेलच्या यादीतून आणि आपल्या इंग्रजी शाळांतून निर्वेधपणे चालत राहिला. आजही तो वापरताना सुशिक्षितांच्या जिभेला काही बोचत नाही. रक्ताच्या शुद्धतेची ही परकी उतरंड आपल्याकडील उच्चनीचतेच्या रोगाला अशी पोषक ठरली. समरसतेची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाने हा शब्द आपल्या तोंडून कायमचा हद्दपार केला पाहिजे.

या मातीचा दाखला

भारताला श्वानांची पारख नव्हती, अशी समजूत कोणी करून घेतली असेल तर त्याने थोडा इतिहास चाळावा. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस नोंदवितो की, बाबिलोनच्या इराणी सुभेदाराकडे भारतीय कुत्र्यांचा एवढा मोठा ताफा होता की त्यांच्या पोषणासाठी चार मोठी गावे लावून दिली होती आणि त्या गावांना अन्य करांची माफी होती. अलेक्झांडरला पंजाबातील राजा सौभूतीने सिंहाला भिडणारी कुत्री दाखविल्याचे ग्रीक लेखकांनी आश्चर्याने लिहून ठेवले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कुरणांच्या व रानांच्या टेहळणीसाठी कुत्र्यांचे कळप बाळगणारे श्वगणी नेमण्याची व्यवस्था आहे. म्हणजे कुत्रा हा राज्यव्यवस्थेचा भाग होता, त्याला नेमून दिलेले काम होते.

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सम्राट तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' हा ज्ञानकोश रचला. त्यात 'सारमेयविनोद' असे कुत्र्यांवरचे स्वतंत्र प्रकरणच आहे. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूर-सोलापूरच्या सीमेलगतचे. त्याच टापूत, लातूर, सोलापूर, सांगलीपासून कर्नाटकातील बागलकोटपर्यंत, आजही लांब मानेचा, आत गेलेल्या पोटाचा, हरणाच्या पायांचा तो कारवानी कुत्रा आढळतो. त्याचे लांब केसांचे भावंड पश्मी. लातूर जिल्ह्यातील जानवळसारख्या गावांत घराघरांतून ही कुत्री निगुतीने जोपासली गेली आहेत, तीही कोणत्याही क्लबाच्या सनदेशिवाय.

मुधोळचे मराठा संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या कुत्र्यांची पैदास हाती घेतली आणि इंग्लंडच्या पंचम जॉर्जला एक जोडी भेट दिली. राजाने त्यांना 'हाउंड्स ऑफ मुधोळ' म्हटले आणि मग आपल्यालाही त्यांची किंमत कळली! साहेबाने वाखाणल्याशिवाय घरची वस्तू नजरेत भरत नाही, या व्याधीचे यापेक्षा बोलके उदाहरण नाही. आजही एक नोंदणीसंस्था याला 'कॅरव्हान हाउंड' म्हणते, तर दुसरी 'मुधोळ हाउंड'. एका कुत्र्याची दोन नावे, दोन वह्या आणि दोन्ही इंग्रजीत. ज्या मेंढपाळाने आणि शेतकऱ्याने तो सांभाळला, त्याच्या तोंडचे नाव कोणत्याच वहीत पहिल्या ओळीवर नाही.

आता कर्तृत्वाचा दाखला पाहू. भारतीय सैन्याच्या मेरठ येथील केंद्रात २०१६ मध्ये मुधोळची पिल्ले प्रशिक्षणासाठी दाखल झाली. सैन्याने भारतीय वाणाला दिलेली ती पहिली संधी. ३० ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी भारतीय वाणाची कुत्री पाळण्याचे आवाहन केले. २०२४ मध्ये लखनौ येथे झालेल्या अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात सीमा सुरक्षा दलाची 'रिया' ही मुधोळ जातीची कुत्री परदेशी जातीच्या कुत्र्यांना मागे टाकून सर्वोत्कृष्ट ठरली. तेथे कानाचा बाक मोजला जात नव्हता, माग काढता येतो की नाही हे पाहिले जात होते. बालाच्या कुरणावरची कसोटी लागताच देशी कुत्रा पहिला आला. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी एकतानगरच्या राष्ट्रीय एकता दिनाच्या संचलनात भारतीय वाणांचे श्वानपथक देशाने पाहिले. त्या दिवशी 'गावठी' या शब्दाची मान खाली गेली असेल.

आक्षेप आणि उत्तरे

यावर काही आक्षेप हमखास घेतले जातील. पहिला : "परदेशी कुत्र्याचा एवढा तिटकारा कशासाठी? मुक्या प्राण्याला कसला देश?" हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तरही स्पष्ट आहे. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या 'जंजीर'ने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून काढले आणि असंख्य मुंबईकरांचे प्राण वाचविले. तो लॅब्रॅडॉर होता. बीड पोलीस दलातील 'रॉकी'ने तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात साह्य केले. अशांच्या स्मृतीपुढे प्रत्येकाने नतमस्तक व्हावे. त्यांनी या भूमीचे अन्न खाल्ले आणि या भूमीची चाकरी केली. ते या भूमीचे झाले. स्वत: कारवानीचे पूर्वजही मध्य आशियातून तांड्यांबरोबर आलेल्या कुत्र्यांशी नाते सांगतात. बाहेरून आलेले जे या मातीत मिसळले, या मातीच्या कामी आले, त्याला आपलेसे करणे हीच येथली रीत आहे. विरोध आहे तो बिनकामाच्या मिरवणुकीला. जो हस्की चुकची लोकांच्या घसरगाड्या ओढताना राजासारखा दिसतो, त्याला बोदवडच्या फरशीवर शोभेची वस्तू करून टाकणे हा त्या हस्कीचाही अवमानच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. "रस्त्यावरच्या कुत्र्यांनी आधीच उच्छाद मांडला आहे, मुलाबाळांना चावे होत आहेत, रेबीजने माणसे मरत आहेत आणि तुम्ही देशी कुत्र्यांचे गोडवे गाता?" हा प्रश्न २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या घरातले मूल कुत्र्याच्या चाव्याने गेले, त्या घराला प्राणिप्रेमाचे डोस पाजणे हा निव्वळ उद्दामपणा होय. पण मोकाट असणे हा वाणाचा गुण नव्हे, ती मालकाच्या आणि नगरपालिकेच्या बेजबाबदारीची खूण आहे. पूर्वी गावातला कुत्रा कोणत्या तरी वाड्याचा, वस्तीचा, खळ्याचा असे. त्याला भाकर ठरलेली असे आणि त्याच्या वागण्याची जबाबदारीही. आता घरातली जागा परदेशी पिल्लाने घेतली, देशी पिल्लू उकिरड्यावर गेले आणि उकिरडा नगरपालिकेने उचलला नाही. निर्बीजीकरण, लसीकरण आणि कचऱ्याची विल्हेवाट यांत कुचराई करायची आणि दोष कुत्र्याच्या जातीला द्यायचा, हा न्याय नव्हे. शंभर घरांनी शंभर देशी पिल्ले लस टोचून, साखळी घालून, नाव देऊन पाळली तर रस्त्यावरची शंभर कमी होतील, हे साधे गणित आहे.

तिसरा आक्षेप स्वकीयांचाच असेल आणि म्हणून तो अधिक काळजीपूर्वक ऐकला पाहिजे. काही उत्साही मंडळी म्हणतात, "मग आपणही मुधोळ, राजपालयम, कारवानी यांची भव्य प्रदर्शने भरवू, त्यांच्या शुद्ध वंशावळी काढू, विजेत्याला सुवर्णपदक देऊ." थांबावे! इंग्रजाचा रोग स्वदेशी वेष्टनात गुंडाळून घेतला म्हणजे तो औषध होत नाही. कारवानीच्या अंगकाठीवर भाळून, दुर्मीळ रंगाच्या पिल्लाला वाढीव भाव देऊन, जवळच्या नात्यात जोड्या लावून तीच नोंदवही आपण उघडली, तर पन्नास वर्षांनी कारवानीचाही पग होईल. या कुत्र्यांना आजवर टिकविले ते कामाने. जो धावेना, जो राखण करीना, त्याची पिल्ले कोणी ठेवली नाहीत. ही निवड कठोर होती, पण तीच त्यांच्या निकोपपणाचे रहस्य होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झाले; परंतु त्याबरोबर कारवानीचे परंपरागत कामही गेले. काम गेलेला वाण एक तर नष्ट होतो किंवा शोभेचा होतो. दोन्ही मरणेच आहेत.

कामाची वाट

मग करायचे काय? याचे उत्तर आपल्याच मातीत सापडते. शर्यतबंदीच्या काळात खिल्लार बैलाची मागणी ओसरली होती. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र, तमिळनाडू व कर्नाटकाचे कायदे वैध ठरविले आणि गावोगावच्या शर्यतींना, शंकरपटांना पुन्हा बळ आले. खिल्लार, डांगी, देवणी यांना तारणारी ही कामाची वाट कुत्र्यालाही हवी.

खानदेशातील शेतकऱ्याची आजची एक मोठी व्यथा म्हणजे रानडुकरे आणि नीलगायी. एका रात्रीत मक्याचे आणि हरभऱ्याचे उभे पीक आडवे होते. तारेचे कुंपण परवडत नाही आणि विजेचा प्रवाह सोडणे बेकायदा तर आहेच, शिवाय माणसाच्या जिवावर बेतणारे आहे. शिकार न करता केवळ हुसकावून लावणारी, धन्याच्या हाकेवर परतणारी राखणदार कुत्री तयार करणे, हे कोणत्याही प्रदर्शनाहून अधिक मोलाचे काम ठरेल. कर्नाटकाने मुधोळजवळ तिम्मापूर येथे आपल्या पशुवैद्यकीय विद्यापीठामार्फत श्वान संशोधन केंद्र चालविले. राजपालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ यांना कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोची मान्यता मिळाली. लातूर जिल्ह्यातच उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय असलेल्या महाराष्ट्राने, ज्या भूमीने 'मानसोल्लास' पाहिला तिच्या कारवानीसाठी आणि मेंढपाळांच्या राखणदार कुत्र्यांसाठी असे केंद्र उभारणे अगदीच अशक्य आहे काय? गावोगावच्या यात्रा-जत्रांतून, कृषी प्रदर्शनांतून राखणीच्या, मागाच्या, आज्ञापालनाच्या कसोट्या लावता येतील. परीक्षक म्हणून टाय लावलेला परदेशी पाहुणा नको; चाळीस पावसाळे मेंढ्यांमागे काढलेला ठेलारी बाबा तेथे खुर्चीवर बसावा. त्या रिंगणात पहिले येईल ते पिल्लू कोणत्या मादीचे, एवढे वहीत लिहावे. वंशावळ हवीच असेल, तर ती कर्तृत्वाची असावी.

आणि हे सारे होईपर्यंत मध्यमवर्गीय कुटुंबांनी एवढे तरी करावे. मुलाने कुत्र्याचा हट्ट धरला तर दुकानाची पायरी चढण्याआधी आपल्याच गल्लीत पाहावे. लस टोचावी, निर्बीजीकरण करावे, गळ्यात पट्टा घालावा, बाहेर नेताना साखळी धरावी. ज्याला या उन्हाची सवय आहे, ज्याला घरातली भाकरी-दूध चालते, जो पाच हजार वर्षे याच हवेत टिकला आहे, त्याच्यासाठी कूलर लावावा लागणार नाही.

या देशाने कुत्र्याकडे कसे पाहिले, हे सांगण्यासाठी मोठ्या ग्रंथांची गरज नाही. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती थोरल्या शाहू महाराजांच्या 'खंड्या' नावाच्या कुत्र्याची समाधी आहे; ती त्याच्या वंशासाठी बांधलेली नाही, धन्याचा जीव वाचविला म्हणून बांधलेली आहे. श्रीदत्तात्रेयांच्या चरणांशी कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे. धर्मराज युधिष्ठिराने स्वर्गाच्या दारात ज्याच्यासाठी स्वर्ग नाकारला, तो वाटेत मागे लागलेला एक साधा कुत्रा होता. तो साक्षात धर्म असल्याचे नंतर कळले. युधिष्ठिराने त्याची जात आधी विचारली नव्हती.

बोदवडपासून काही कोसांवर मुक्ताईचे समाधिस्थान आहे. त्या वाटेवर वारकऱ्यांच्या दिंड्या चालतात आणि नामदेवांची ती कथा कीर्तनांतून पुन्हा पुन्हा सांगितली जाते : कुत्र्याने भाकरी पळविली, तर नामदेव हाती तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. पिढ्यान्‌पिढ्या ही कथा ऐकून माना डोलावणारा समाज कीर्तन संपताच मंडपाच्या दाराशी उभ्या असलेल्या गावठी कुत्र्याला दगड मारतो आणि घरी जाऊन पेडिग्रीचा कागद लॅमिनेट करून ठेवतो. त्या दगडाखाली नेमके कोण सापडते, याचा विचार ज्याने त्याने करावा.